तळ्याचा सातबारा

सरकारी जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये एकच असावा आणि तो आपल्याच घरात निघावा, याचं दुःख रोहिणीबाई चौबळांना आजही आहे.

जाहिरात तशी छोटी होती. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला मूळव्याधीचा दवाखाना आणि मध्ये अंग चोरून उभं असलेलं सरकार. 'शेतकरी बंधूंनो, आपल्या मालकीच्या जमिनीत नैसर्गिक तळे, झरा अथवा पाणथळ जागा असल्यास...' नव्या कायद्याप्रमाणे अशी जागा आहे तशी जपणाऱ्या जमीनमालकाला सरकार दरवर्षी अनुदान देणार होतं. काही खोदायचं नाही, काही बांधायचं नाही, काही पेरायचं नाही. नुसतं राहू द्यायचं.

"काही न करण्याबद्दल अनुदान?" रोहिणीबाई म्हणाल्या. "मग तुमच्याइतका पात्र माणूस महाराष्ट्रात दुसरा नाही."

दिनानाथ चौबळांनी हे मनावर घेतलं नाही. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला अपमानाची सवय असते. गणिताच्या मास्तरांना तास कमी पडला की चित्रकलेचा घेतात, आणि परत देताना कुणी पाहिलेलं नाही.

शिरढोणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, मास्तरांची बत्तीस गुंठे जमीन होती. ती कशी आली ही हकिगत सोडा, कारण ती सांगायला लागले की मास्तर पणजोबांपासून सुरुवात करतात. जमिनीत गवताशिवाय काही उगवत नसे. पण खालच्या कोपऱ्यात एक तळं होतं. व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढं. त्यात पोयणीची पांढरी फुलं, काठच्या लव्हाळ्यात पाणकोंबड्यांचं एक जोडपं, आणि वर सदैव कामात असलेले चतुर. मास्तर दर रविवारी स्कूटरवरून जायचे आणि त्याचं चित्र काढायचे. दोनेकशे चित्रं झाली होती. तळ्यात फरक नव्हता, चित्रातही नव्हता.

वरच्या अंगाला कातकऱ्यांची अकरा घरांची वाडी होती. वाडीतली सोमी गेली कित्येक वर्षं ही चित्रं मास्तरांच्या खांद्यावरून बघत आली होती आणि तिचं मत ठाम होतं. "मास्तर, पानी निलं नाय हो. हिरवं हाय." उन्हाळ्यात वाडीची बोअर आटली की बायका तळ्याच्या काठाला हातभर खड्डा करायच्या. त्याला त्या डवरा म्हणत. त्यात झिरपून येणारं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायच्या. एप्रिल-मे या दोन महिन्यांत अकरा घरं त्या डवऱ्यावर जगायची.

विमानतळ आला तसा तीन बाजूंनी डोंगर कापला जाऊ लागला. जिथे तिथे प्लॉट पडले, कमानी उभ्या राहिल्या, कमानींवर इंग्रजी नावं चढली. मास्तरांच्या मनात भीती शिरली. उद्या आपण गेलो, मुलीनं अमेरिकेतून सही करून जमीन विकली, तर तळ्याचं काय? एकदा सरकारी कागद तळ्यावर चढला की कुणाची हिंमत होणार नाही, असं त्यांना वाटलं. अनुदान किती आहे हे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. हे कुणाला खरं वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अर्ज ऑनलाइन होता. त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक हवा, त्यासाठी आधार हवं, आणि आधारला जोडलेला मोबाइल रोहिणीबाईंचा. ओटीपी यायचा त्या वेळी रोहिणीबाई भजनाच्या वर्गात असायच्या. मास्तर दोनदा वर्गाच्या खिडकीशी उभे राहिले आणि बायकांनी दोनदा अभंग मध्येच थांबवला. तिसऱ्या वेळी बाईंनी फोन घरी ठेवला, तेव्हा कळलं की आधारवर मास्तर ऱ्हस्व 'दिनानाथ' आहेत आणि सातबाऱ्यावर दीर्घ 'दीनानाथ'. सिस्टीमच्या मते ही दोन वेगळी माणसं होती. मग ऱ्हस्व दिनानाथ आणि दीर्घ दीनानाथ हे एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र झालं. शपथेवर स्वतःच स्वतः असल्याचं सांगताना मास्तरांचा आवाज जरा कापला. साठीनंतर माणसाला या बाबतीत एवढी खात्री नसते.

कृषी कार्यालयात योजनेचं टेबल मनस्वी नावाच्या मुलीकडे होतं. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणं गोड, आणि समोरच्या माणसाला वाईट बातमी देताना खरोखर वाईट वाटणारी. अशी माणसं सरकारात फार दिवस टिकत नाहीत किंवा फार वर जात नाहीत.

"सर, तुमच्या सातबाऱ्यावर तळंच नाहीये."

"जमिनीवर आहे ना."

"जमिनीवर असून चालत नाही सर. सातबाऱ्यावर पाहिजे."

मास्तर तलाठ्याकडे गेले. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण शोधायचं असेल तर तलाठी असंच विचारावं लागतं. त्यांनी शांतपणे समजावलं. तळं म्हणजे पिकाला निरुपयोगी जागा, तिची नोंद पोटखराब म्हणून होईल. मास्तर धावत मनस्वीकडे आले. तिने परिपत्रक उलटंसुलटं वाचलं आणि मान खाली घातली. "पोटखराब क्षेत्राला योजना लागू नाही, सर." थोडक्यात, तळं नोंदवलं नाही तर अनुदान नाही, कारण तळं नाही. आणि नोंदवलं तरी अनुदान नाही, कारण तळं आहे.

"नकाशा जोडून खास बाब म्हणून पाठवू या," ती म्हणाली. ती तरी काय करणार?

नकाशा! मास्तरांना तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या हातचं काम मागितलं होतं. दोन आठवडे घरात जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. जाड हस्तनिर्मित कागद, जलरंग, उत्तरेचा बाण काळ्या शाईत, झाडं एकेक ओळखू येतील अशी, आणि लव्हाळ्यात पाणकोंबड्यांचं जोडपं. नकाशा घेऊन मास्तर कार्यालयात गेले त्या दिवशी मनस्वी रजेवर होती. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने नकाशा उलगडला आणि बराच वेळ पाहिला. मास्तरांनी नम्रपणे नजर खाली वळवली. कौतुक होताना माणसाने असंच उभं राहावं.

"हे काय आहे?"

"नकाशा."

"यात कोंबड्या आहेत."

"पाणकोंबड्या."

"पशुसंवर्धन वरच्या मजल्यावर," कारकून म्हणाला आणि त्याने तो रबर लावून परत दिला.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मास्तर नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले असताना तळमजल्यावरचा धनेश घरत शेजारी येऊन बसला. धनेश जागा घेऊन देणं, विकून देणं आणि या दोन्हींच्या मधल्या काळात सल्ला देणं असा व्यवसाय करत असे. सल्ला तो फुकट द्यायचा, त्यामुळे परत करायची सोय नसायची.

"काका, चित्रबित्र कोण बघतोय? सरकारी मोजणी टाका. मोजणीवाल्यानं कागदावर तलं दाखवलं ना, मग ब्रह्मदेवालापन खोडता येनार नाय."

"पण हद्द तर सगळ्यांना माहीत आहे."

"सगल्यांना म्हंजे कोनाला?"

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन सोमीच्या नवऱ्याला, चांगोला, विचारलं. चांगो साठीच्या पुढचा, कमी बोलणारा. त्याने हात उचलला. "त्या आंब्यापासनं त्या कालोख्या धोंड्यापत्तर. तुमचं आजं थतं उबं ऱ्हायचं." मास्तरांचं समाधान झालं. आंबा होता, धोंडा होता, आजोबा उभे राहिल्याचा साक्षीदार होता. यापेक्षा पक्की हद्द ती कोणती? त्यांनी मोजणीचा अर्ज टाकला.

मोजणी म्हटलं की लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, हे मास्तरांनी वाचलं होतं. चार नोटिसा गेल्या. तीन शिरढोणमध्येच पोचल्या. चौथी विश्वजीत राजाध्यक्ष नावाच्या ठाण्याच्या गृहस्थांना. हे नाव वाडीत कुणी ऐकलं नव्हतं, गावात कुणी पाहिलं नव्हतं. मास्तरांना तर वाटलं, पाकीट परत येईल.

पाकीट परत आलं नाही. फेब्रुवारीतल्या मोजणीच्या सकाळी पांढऱ्या गाडीतून, पांढरे बूट घालून, राजाध्यक्ष स्वतः आले. चाळिशीतला, हसतमुख, अतिशय सभ्य माणूस. मास्तरांचं दुःख असं की त्यांना पुढेही कधी या माणसाचा राग धड करता आला नाही.

रोहिणीबाईंनी मोजणीला येणाऱ्या भूकरमापकांसाठी डबाभर कांदेपोहे दिले होते. धनेश आला होता, चांगो आणि सोमी आली होती, वाडीतल्या चार बायकाही कडेला बसल्या होत्या. लग्नाला जमावं तसं वातावरण. भूकरमापकांनी काठीवरचं यंत्र उभं केलं, आकाशातल्या उपग्रहांशी बोलणं झालं, आणि यंत्र घेऊन ते चालू लागले. आंब्याशी थांबतील म्हणून मास्तर आंब्याशी जाऊन उभे राहिले. ते आंब्यावरून पुढे गेले. धोंड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते चढ चढले, अजून चढले, यंत्र 'पीं' करून वाजलं आणि त्यांनी लाल झेंडी रोवली. तळ्यापासून शंभर पावलं वर.

"हे काय?" मास्तर धापा टाकत पोचले.

"तुमची खालची हद्द."

"तळं?"

"ते लगतच्या गटात आहे. काळजी करू नका, तुमचं क्षेत्र पूर्ण भरतंय. एक गुंठासुद्धा कमी नाही." भूकरमापकांनी वर बोट केलं. तिथे उघडा, काळा कातळ होता. त्यावर एक शेळी उभी होती आणि तीही उतरायच्या विचारात होती. "फक्त ते तिकडे आहे."

दोनशे चित्रं त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीत बसून काढली होती.

राजाध्यक्ष पुढे आले आणि त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला. "थँक यू हं काका. खरंच. बाबांनी इकडे काहीतरी घेऊन ठेवलंय एवढंच ऐकून होतो. बाबा गेले, फाइल सापडेना. तुमची नोटीस आली नसती तर आम्हाला जन्मात कळलं नसतं." मग त्यांनी तळ्याकडे पाहिलं. "इथे पाणी साठतं वाटतं? भराव टाकावा लागेल."

माणूस बुडताना काडीचा आधार घेतो. मास्तरांनी योजनेचा घेतला. त्यांनी पिशवीतून सगळे कागद काढले, जाहिरातीचं कात्रण, परिपत्रक, नकाशा, घाईत प्रतिज्ञापत्रसुद्धा, आणि राजाध्यक्षांच्या हातात कोंबले. "तुम्ही अर्ज करा! काही करायचं नाही, नुसतं राहू द्यायचं. सरकार अनुदान देतं. मी सगळे कागद करून देतो. या बायका इथलं पाणी पितात हो."

राजाध्यक्षांनी कागद चाळले. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं, तिथे अनुदानाचा आकडा असावा. ते हसले, पण हळूच, समोरच्याला लागू नये असे. "काका, यात माझं पेट्रोलही सुटायचं नाही." नकाशा त्यांनी नीट गुंडाळून परत दिला. "चित्र मात्र सुंदर आहे."

मास्तरांनी आधारासाठी धनेशकडे पाहिलं. "एक मिनिट हां, काका," असं म्हणून धनेश राजाध्यक्षांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेला आणि खिशातून कार्ड काढताना दिसला. पोहे तसेच राहिले. ते सोमीने वाडीतल्या पोरांना वाटले.

त्यानंतरचा दीड महिना मास्तरांनी कसा काढला, हे रोहिणीबाई सांगत नाहीत. ते मनस्वीकडे गेले. "थांबवा त्यांना. कायदा आहे ना?"

"कायदा जपणाऱ्याला अनुदान देतो, सर," मनस्वी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की फाइलवरची धूळ गेली होती, कोण जाणे. "न जपणाऱ्याला तो काहीच करत नाही."

मास्तरांनी तरीही अर्ज केले. पाच कार्यालयांत पाच. प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून पोच मिळाली. पोच देण्यात आपल्या देशाचा हात कुणी धरणार नाही. सहावा अर्ज देऊन ते घरी आले तेव्हा सोमीचा फोन आला. वाडीत एकच फोन होता आणि तो ती फक्त कुणी आजारी असलं की करायची.

"मास्तर, गारी आल्यान."

डंपर चार होते. मास्तर पोचले तेव्हा एक रिकामा होऊन वळत होता आणि अर्ध्या तळ्यावर मुरूम पसरला होता. मास्तर दुसऱ्या डंपरपुढे जाऊन उभे राहिले. हात पसरून. आयुष्यात प्रथमच त्यांनी कशापुढे तरी हात पसरून उभं राहायचं धाडस केलं होतं. ड्रायव्हर खिडकीतून वाकला.

"अंकल, रील बना रहे हो क्या? कॅमेरा किधर है?"

"रील नहीं! रुको! यह तालाब है!"

"तालाब तो था," ड्रायव्हर म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि मास्तरांना पाण्याची बाटली दिली. मग तो त्यांच्याशेजारी गाडीच्या सावलीत टेकला. घाई त्यालाही नव्हती, त्याला रोजावर पैसे होते आणि ऊन मरणाचं होतं. वीस मिनिटं मास्तर तसे उभे राहिले. प्रतिकाराच्या इतिहासात वीस मिनिटं फार नाहीत, पण साठी उलटलेल्या माणसाला प्रोस्टेटही असतं. ते झुडपाआड जाऊन येईतो डंपर पुढे गेला होता.

ते परत आले तर वाडीतल्या बायका उरलेल्या पाण्यात उतरल्या होत्या आणि टोपल्यांनी मासे काढत होत्या. मास्तरांना धक्का बसला. "सोमी, तूसुद्धा?"

"मरनारच हायत ना, मास्तर." तिने वर न बघता टोपली उचलली. त्यात बोटाएवढे मासे उड्या मारत होते. "आज पोरं तरी खातील."

मग ती पाण्यातून बाहेर आली आणि मास्तरांच्या कोपराला धरून त्यांना आंब्याखाली घेऊन गेली. मास्तर मुळावर बसले. ते माफी मागायला आले होते, पण ती कशी मागायची हे त्यांना सुचत नव्हतं. अर्जाचा नमुना असता तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं, सोमी."

सोमी पदराने हात पुसत राहिली. "येक इच्यारू, मास्तर? तुमी मोजाया कशाला लावलात? तलं कुनाचं हाय त्या कुनालाच ठावं नव्हतं, तवर ते समद्यांचं व्हतं."

खाली तिसरी गाडी रिकामी होत होती.

संध्याकाळपर्यंत तळं संपलं. पाणकोंबड्या कुठे गेल्या, कुणी पाहिलं नाही.

आठवड्याने मनस्वीचा फोन आला. तिचा आवाज इतका जपून येत होता की मास्तरांना वाटलं, आता आणखी काय गेलं?

"सर, एक दुसरी योजना आहे. कातळावर नवीन शेततळं. मी तुमचं नाव घालून पाहिलं. सिस्टीमने घेतलं."

"घेतलं?"

"हो. अट होती की अर्ध्या किलोमीटरच्या आत नैसर्गिक तळं नसावं." ती थांबली. "आता तुम्ही बसता, सर."

मास्तरांनी विचारलं, "पाणी कधी लागेल?"

"लॉटरी असते, सर. नंबर लागला तर दोनेक वर्षं."

"घाला नाव," मास्तर म्हणाले. त्यांना हो म्हणायचं नव्हतं. पण एप्रिल सुरू झाला होता.

रोहिणीबाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. गेल्या सहा महिन्यांत त्यांनी मास्तरांना पुष्कळ बोलून घेतलं होतं आणि आता बोलण्यासारखं उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठले तेव्हा बाईंनी वीस लिटरचे दोन कॅन भरून जिन्याशी ठेवले होते. एक स्कूटरच्या पुढे पायाशी, दुसरा मागे. मागचा धरायला त्या स्वतः बसल्या. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण शिरढोणच्या जमिनीवर त्या कधी आल्या नव्हत्या. गेटाशी धनेशने हाक मारली, "काका, ऐका ना, टँकरसाठी अर्ज—" आणि मास्तरांनी, ज्यांनी आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं, भर गेटात स्कूटरचा हॉर्न दाबून धरला. धनेश बाजूला होईपर्यंत सोडला नाही.

वाडी रिकामी होती. बायका हमरस्त्यावरच्या ढाब्याच्या नळावर गेल्या होत्या, जायला पाऊण तास, यायला त्याहून जास्त. मास्तर आणि रोहिणीबाई कॅन उतरवून उन्हात उभे राहिले. खाली सपाट पिवळा मुरूम होता आणि त्यावर चुन्याने प्लॉटच्या रेघा मारल्या होत्या. रोहिणीबाईंनी विचारलं, "कुठे होतं?" मास्तरांनी हात केला.

बायका आल्या. सोमीने डोक्यावरचा जेमतेम अर्धा भरलेला हंडा उतरवला, कॅन पाहिले, रोहिणीबाईंना पाहिलं. "ताई, बसा," म्हणाली आणि झोपडीतून तांब्या आणून वाटप सुरू केलं. अकरा घरांच्या अकरा बायका भांडी घेऊन उभ्या राहिल्या. ज्या घरात तान्हं होतं तिथे एक तांब्या जास्त. भांडण नाही, आवाज नाही. दोन्ही कॅन बघता बघता तळाला गेले. शेवटचा तांब्या निथळवून भरला तेव्हा सगळ्यात मागे सोमीचं स्वतःचं भांडं राहिलं होतं, कोरडं.

तिने तांब्यातलं पाणी एका पितळी पेल्यात ओतलं आणि तो दोन्ही हातांनी मास्तरांपुढे धरला.

"प्या, मास्तर. उनातनं आलात."

"अगं, नको. तुला ठेव."

"पाव्हनं हाव तुमी. असं कसं?"

मास्तरांनी रोहिणीबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान वळवून कातळाकडे नजर लावली होती. नाही म्हणणं शक्य नव्हतं. मास्तरांनी पेला घेतला आणि अकरा घरं बघत असताना, एकेक घोट करून, सगळं पाणी पिऊन टाकलं.